राखीव जागा रिकामी का राहते?

हाऊसिंग सोसायटीच्या समितीवर कोण बसू शकतो, हे कायद्याने ठरवले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी 13-ब हे स्वतंत्र प्रकरण आले. आदर्श उपविधींनुसार शंभरपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीची समिती 11 जणांची असते. त्यात एक जागा अनुसूचित जाती-जमातींची, दोन महिलांच्या.

तरीही ही जागा अनेकदा रिकामी राहते. नोटीस बोर्डावर कारण ठरलेले: ‘उमेदवार उपलब्ध नाही.’ उमेदवार का नाही, हे कोणी विचारत नाही.

पहिले कारण गेटवरच आहे. आडनाव ऐकून फ्लॅट नाकारला की सभासदत्व नाही आणि सभासदत्व नाही तर उमेदवारी कुठली? भाडेकरूला तर उभेच राहता येत नाही. 2005 साली अहमदाबादच्या झोराष्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व ठेवणारी उपविधी वैध ठरवली. म्हणजे राखीव जागा समितीत असते, पण दाराला कुलूप.

दुसरे कारण आपल्या घरात आहे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो. ज्याने आडनाव सांभाळून, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो न लावता दहा वर्षे काढली, तो फॉर्म भरताच साऱ्या इमारतीला ‘कळतो’. म्हणून तो गप्प बसतो. ही भीती खोटी नाही. पण गप्प राहिल्याने पाणी, पार्किंग, मेंटेनन्सचे निर्णय दुसरेच घेतात आणि घरकामाच्या बाईने कोणती लिफ्ट वापरायची, हेही तेच ठरवतात.

शिवाय या जागेवर मतदान सगळेच सभासद करतात. पुणे करार वाचलेल्यांना यातला धोका सांगायला नको: बहुसंख्यांना सोयीचा, मान डोलावणारा माणूस निवडला जातो. म्हणून इमारतीतल्या महिला, ओबीसी, भटके-विमुक्त सभासदांशी आधीच बोलून पॅनेल बांधा.

‘तुम्ही बौद्ध, मग अनुसूचित जाती कसे?’ असे कोणी विचारले तर 1990 ची दुरुस्ती दाखवा. लेखी मागणीनंतर तीन महिन्यांत थकबाकी न भरणारा अपात्र ठरतो. म्हणून मेंटेनन्स वेळेवर भरा, पावत्या जपा. खुल्या जागेवरूनही लढता येते, तेही विसरू नका.

दाखला लाज म्हणून लपवायचा कागद नाही. यंदा तुमच्या सोसायटीत निवडणूक असेल तर फॉर्म भरा.

जय भीम!