ओपन फाईल द्या राव!

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमधल्या एकाच मुलावर संक्रांत येते. "याला कोरल येतं" एवढ्या गुन्ह्यासाठी पोस्टर, टी-शर्ट, सर्टिफिकेट, अगदी मेसच्या मेनूचा बोर्डसुद्धा त्याच्याच गळ्यात! बाकीचे पाठीमागे उभे राहून "लाल अजून थोडा लाल कर" एवढंच डिझाईन शिकतात. तो पास होऊन गेला की त्याच्याबरोबर लॅपटॉपही जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाटी कोरी. टॅलेंट नाही म्हणून हे होतं, असं मला वाटत नाही. आपली शिकायची पद्धतच एकट्याची आहे.

फ्लेक्सच्या धंद्यात 'ओपन फाईल' असा शब्द आहे. जेपीजी म्हणजे तयार चित्र. ओपन फाईल म्हणजे ज्यातलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक रेघ अजून हलवता येते. दुकानदार जेपीजी आनंदाने देतो, ओपन फाईल सहसा देत नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरकडून आमच्या जानेफळला येते आणि पुढे खामगावकडे जाते. तेव्हा स्वागताचे फ्लेक्स लागतात. असा फ्लेक्स करायला शिकायचा तर गावाकडच्या पोराने दुकानात बसायचं, हाच रस्ता. तिथं तो बघून-बघून शिकतोही, पण बऱ्याचदा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर. तो फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकूर उघडला की 'स्वागत'च्या जागी एबीसीडीची खिचडी! दुकानाला हे परवडत असेल. कॉलेजला कसं परवडेल?

"अरे, पण क्रॅक फुकटच मिळतो की!" हे उत्तर हमखास येतं. पैशाचा मुद्दा असता तर वाद इथेच संपला असता. पण इंकस्केपची एसव्हीजी फाईल एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत साधा मजकूर दिसतो: रंगांचे आकडे, वर्तुळाची त्रिज्या, अक्षरांचा आकार. आपण कोड शिकतो तो सीनियरचा कोड वाचून (असाईनमेंट छापताना का होईना). मग पोस्टर तसंच का शिकू नये? फर्स्ट इयरच्या मुलीने मागच्या वर्षीचं पोस्टर उघडावं, मार्जिन किती सोडलं ते मोजावं, बिघडवावं, पुन्हा जुळवावं. तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर, लॅबच्या प्रत्येक पीसीवर हे सॉफ्टवेअर उजळ माथ्याने टाकता येतं.

मिळून केलेलं काम कच्चं असतं, असंही काहींना वाटतं. त्यांनी मुंबईच्या 'एक टाईप' गटाचा 'बलू' फाँट बघावा. नऊ भारतीय लिप्या, त्यांवर वेगवेगळे डिझायनर! देवनागरी सारंग कुलकर्णींची, बांगला नूपुर दात्ये आणि त्यांच्या सहकाऱ्याची, तमिळ आदर्श राजन यांची. तरी सगळ्या एकाच घरच्या वाटतात. याच गटाचा 'मुक्ता' आपल्या मासिकाला छान शोभेल. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत.

सगळं गोडगोड आहे असं नाही. पानं लावायच्या 'स्क्रायबस'ला कितीतरी वर्षं मराठी जोडाक्षरं नीट जुळवता येत नव्हती. ओमानमधल्या एका गटाने अरबी लिपीसाठी खपून त्याची अक्षरजुळणी बदलली, ती २०१७ च्या १.५.३ आवृत्तीत आली आणि तिचा फायदा आपल्या 'क्ष' आणि 'ज्ञ' लाही झाला. स्थिर १.६ आवृत्ती यायला मात्र २०२४ उजाडलं. छपाईला गेल्यावर रंग फिके पडतात हेही लक्षात ठेवा, आधी एक प्रूफ काढून घ्या.

तर यंदा मासिकाच्या मराठी विभागाची पानं चार-चार जणांच्या गटांनी लावावीत, प्रत्येक गटात दोघं फर्स्ट इयरचे. नियम एकच: दुसऱ्याच्या हातातला माऊस ओढायचा नाही, काय ते तोंडाने सांगायचं. सीनियर मंडळींना हे फार जड जाईल, पण "अजून लाल" म्हणजे नक्की काय, ते त्यांनाही सांगावं लागेल. सुरुवातीला अडलं तर आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'मध्ये जिम्प आणि इंकस्केपचे धडे आहेत. स्टाफकडून आठवड्यातून एक संध्याकाळ लॅब उघडी मिळावी. आणि अंक छापून झाला की त्याची ओपन फाईल लायब्ररीतल्या कोणत्या कॉम्प्युटरवर ठेवायची, तेवढं ग्रंथपाल सरांनी आत्ताच सांगून ठेवावं.