पावावरचा कर आणि रेल्वेचा हप्ता

पाव महाग होणार, एवढंच निमित्त झालं.

मे २०२४. केनियाच्या सरकारनं वित्त विधेयक आणलं. पावावर १६ टक्के व्हॅट. गाडी असेल तर तिच्या किमतीच्या अडीच टक्के कर, तोही दरवर्षी. मोबाइलवरून पैसे पाठवताना जे शुल्क लागतं, त्यावरचा कर १५ वरून २० टक्के. डायपर, टायर, बॅटऱ्या यांच्यावर पर्यावरणाच्या नावानं आणखी एक शुल्क. या सगळ्यातून सरकारला सुमारे ३४६ अब्ज शिलिंग जास्तीचे हवे होते.

असं विधेयक आलं की एरवी काय होतं? टीव्हीवर दोन तज्ज्ञ भांडतात, पेपरात ‘काय स्वस्त, काय महाग’ची चौकट छापून येते आणि आपण पुढचं रील बघतो. केनियात तसं झालं नाही. कॉलेजात शिकणाऱ्या, डिग्री हातात घेऊन नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींनी ते विधेयक चक्क वाचायला घेतलं. टिकटॉकवर एकेक कलम समजावून सांगितलं. इंग्रजी न समजणाऱ्यांसाठी स्वाहिली आणि आपापल्या भाषांत ते नेलं. कुणी एआय वापरून चॅटबॉट बनवला. तुम्ही विचारा, ‘माझ्या खिशातून किती जाणार?’ आणि तो विधेयक बघून सांगणार.

मग ही पोरं रस्त्यावर उतरली. ना कुठला पक्ष, ना कुणी एक नेता. दबाव वाढला तसा पावाचा आणि गाडीचा कर सरकारनं मागे घेतला, पण बाकीचं विधेयक २५ जूनला संसदेत मंजूर झालं. त्याच दिवशी आंदोलक संसदेत घुसले, इमारतीचा काही भाग पेटला आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी जाहीर केलं की या विधेयकावर आपण सही करणार नाही. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या आणि पुढच्या आठवड्यांत मिळून किमान ६० माणसं मारली गेली, असं तिथल्या मानवी हक्क आयोगाची आकडेवारी सांगते.

हे आंदोलन ‘जेन झी’चं म्हणून जगभर गाजलं. तुम्हीही व्हिडिओ पाहिले असतील. पण व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. मुळात सरकारवर पावावर कर लावायची वेळ आलीच का?

उत्तर शोधत निघालात, तर वाटेत एक रेल्वे स्टेशन लागतं.

एक गाडी, दोन गोष्टी

३१ मे २०१७ ला मोम्बासा ते नैरोबी ही नवी रेल्वे सुरू झाली. मोम्बासा म्हणजे समुद्रकाठचं बंदर, नैरोबी म्हणजे राजधानी. मधलं अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. जुन्या गाडीनं अख्खी रात्र जायची, नवी पाच-सहा तासांत पोचवते. गाडीचं नाव मदारका एक्स्प्रेस. मदारका म्हणजे स्वशासन. १ जूनला केनियात मदारका दिन असतो, त्याच्या आदल्या दिवशीच गाडीला झेंडा दाखवला.

या मार्गाला इतिहास आहे आणि त्यात आपली माणसंही आहेत. पहिला रूळ इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात टाकला. त्यासाठी तेव्हाच्या हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले, त्यातले बरेचसे पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास मजूर तिथेच मेले. नैरोबी हे शहरच त्या रेल्वेच्या डेपोभोवती वाढलं. आज केनियात चपाती घराघरांत खातात, चहाला ‘चाय’ म्हणतात, गाडीला ‘गारी’ आणि दुकानाला ‘दुका’. ती पहिली रेल्वे कुणाला हवी आहे का, असं केनियातल्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. राज्यच इंग्रजांचं होतं.

दुसरी रेल्वे स्वतंत्र केनियानं बांधली. म्हणजे या वेळी तरी विचारायला हवं होतं, नाही का?

कर्जाचे करार २०१४ मध्ये झाले. मोम्बासा-नैरोबी टप्प्याचा खर्च तीन अब्ज डॉलरच्या वर आणि त्यातला सुमारे ९० टक्के पैसा चीनच्या एक्झिम बँकेचं कर्ज. काम चिनी कंपनीकडं. करारात काय लिहिलंय, हे मात्र लोकांना कळलं नाही. कार्यकर्ते कोर्टात गेले, पत्रकारांनी मागणी केली, तरी वर्षानुवर्षं उत्तर एकच : गोपनीय. कर्जाची कागदपत्रं सरकारनं लोकांसमोर ठेवली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. तोवर गाडी धावू लागून पाच वर्षं झाली होती!

घरातल्या मोठ्यांनी तुमच्या नावावर कर्ज काढलं, हप्ते तुमच्याच पगारातून जाणार, पण कागद कपाटात आणि कपाटाला कुलूप. हा तसलाच प्रकार.

हप्ता कसा फुगतो

इथे थोडं गणित करू या. घाबरू नका, आपलं दहावीचंच आहे.

केनियानं कर्ज घेतलं डॉलरमध्ये. लोक कर भरतात शिलिंगमध्ये. २०१४ मध्ये एका डॉलरला ८७-८८ शिलिंग पडायचे. जानेवारी २०२४ मध्ये भाव १६० च्या घरात गेला. म्हणजे एक डॉलरही जास्त कर्ज न घेता, शिलिंगच्या हिशेबात तोच हप्ता जवळपास दुप्पट झाला. पुढे शिलिंग सावरला, पण मधल्या काळातले हप्ते काही माफ झाले नाहीत.

दुसरी गोष्ट. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज. २०१४ मध्येच केनियानं आंतरराष्ट्रीय बाजारात रोखे विकून पैसे उभे केले होते. त्यातले दोन अब्ज डॉलर जून २०२४ मध्ये परत करायचे होते, व्याज ६.८७५ टक्के. ते फेडता यावेत म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये दीड अब्ज डॉलरचे नवे रोखे काढले. व्याज ९.७५ टक्के. क्रेडिट कार्डचं बिल दुसऱ्या क्रेडिट कार्डनं भरणारा एखादा मित्र तुमच्या ओळखीत असेल, तर पुढचं सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट, रेल्वेची कमाई. सुरुवातीच्या वर्षांत तर गाड्या चालवण्याचा रोजचा खर्चही तिकिटं आणि मालवाहतुकीतून निघत नव्हता. मग बंदरात उतरलेला माल रेल्वेनंच न्यायचा, अशी सक्ती झाली. ट्रकवाल्यांचा धंदा बसला, २०१९ मध्ये मोम्बासात त्यांनी मोर्चे काढले. मूळ बेत रूळ युगांडाच्या सीमेपर्यंत न्यायचा होता. ते २०१९ मध्ये नैवाशाजवळ पोचले आणि पुढची काही वर्षं तिथेच थांबले, कारण पुढचं कर्ज मिळालं नाही. जी गाडी शेजारच्या देशांचा माल ओढून पैसे कमावणार होती, ती त्या देशांपर्यंत गेलीच नाही.

या सगळ्याची बेरीज २०२४ च्या विधेयकात उतरली. कराच्या रूपानं सरकारकडं जे येत होतं, त्यातला निम्म्याहून जास्त पैसा कर्जफेडीत जात होता.

आता कुणी म्हणेल, ‘बघा, चीननं फसवलं.’ इतकं सोपं नाही ते. केनियाला बाहेरून कर्ज देणाऱ्यांत सगळ्यात मोठी जागतिक बँक आहे, चीन नव्हे. जवळपास निम्मं कर्ज तर देशातल्या देशातच घेतलेलं आहे. कर वाढवा, हा तगादा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचाही होता. सावकार कुणीही असो, सही करणारा हात केनियाच्याच सरकारचा होता. एकाच देशाला व्हिलन ठरवलं की त्या सहीबद्दल बोलायचं राहून जातं.

वरचा रस्ता, खालचा रस्ता

म्हणजे रस्ते, रेल्वे, वीज नकोच का? असं म्हणणं वेडेपणाचं ठरेल.

केनियाची कामगिरी खरंच मोठी आहे. एम-पेसा २००७ मध्ये सुरू झालं. साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायला केनियातली माणसं शिकली, तेव्हा आपल्याकडं यूपीआयचं नावही नव्हतं. तिथली बहुतांश वीज भूगर्भातली उष्णता, पाणी आणि वाऱ्यापासून बनते. चारपैकी जवळपास तीन लोकांपर्यंत वीज पोचली आहे, दहा-बारा वर्षांपूर्वी ती जेमतेम एका तृतीयांश लोकांकडं होती. एखाद्या गावात दिवा लागतो, तेव्हा तिथल्या मुलीचा अभ्यास होतो. याला कोण नाही म्हणेल?

पण कामं कशी होतात, तेही बघा. तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या उभ्या राहिल्या, ३१० मेगावॉटच्या. २०१७ मध्ये त्या तयार होत्या. वीज वाहून नेणारी चारशेहून अधिक किलोमीटरची लाइन मात्र तयार नव्हती! ती पूर्ण झाली २०१८ मध्ये. तोवर वारा वाहत होता, वीज कुठे जातच नव्हती आणि उशिराचा दंड सरकारच्या, म्हणजे लोकांच्या माथी बसला.

किंवा नैरोबीचा एक्स्प्रेसवे घ्या. २०२२ मध्ये सुरू झालेला २७ किलोमीटरचा टोल रस्ता, बराचसा खांबांवरून जाणारा. चिनी कंपनीनं स्वतःचे पैसे घालून बांधला आणि २७ वर्षं टोल तिचा. कारसाठी टोल सुरुवातीला जास्तीत जास्त ३६० शिलिंग होता, २०२४ मध्ये ५०० झाला. विमानतळ गाठायला उत्तम. पण नैरोबीतले बहुतेक लोक मटाटूनं, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसनं फिरतात किंवा सरळ चालत जातात. ते त्या रस्त्याच्या खाली असतात, ट्रॅफिकमध्ये. जुलै २०२३ मध्ये करवाढीविरोधातल्या आंदोलनात म्लोलोंगोच्या टोलनाक्याची तोडफोड झाली. तोडफोड चूकच. पण राग नेमका तिथेच का निघाला असेल, हे कळणं अवघड नाही.

२०२३ मध्ये केनियाची अर्थव्यवस्था साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली. आकडा छान आहे. पण तिथले ८० टक्क्यांहून जास्त रोजगार असंघटित क्षेत्रात आहेत. त्याला स्वाहिलीत ‘जुआ काली’ म्हणतात. अर्थ : कडक ऊन. डिग्री घेतलेला मुलगा बोडा-बोडा, म्हणजे बाइक टॅक्सी चालवतो, तेव्हा त्याला साडेपाच टक्के दिसत नाहीत. त्याला दिसतो पुलावरून जाणारा टोल रस्ता आणि डोक्यावरचं ऊन.

कागद दाखवा

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेतली एक तरतूद, कलम २०१. सार्वजनिक कर्जाचा भार आणि त्याचा फायदा आजच्या आणि पुढच्या पिढ्यांमध्ये न्याय्य वाटला गेला पाहिजे, असं ती सांगते. पैशाच्या निर्णयांत लोकांचा सहभाग हवा, हेही त्याच कलमात आहे. ज्या देशात निम्मे लोक विशीच्या आतबाहेर आहेत, तिथे ‘पुढची पिढी’ ही काही पुस्तकी कल्पना नाही. ती कॉलेजात बसली आहे आणि हप्ते तिच्याच नावावर आहेत.

म्हणून मला वाटतं, केनियातल्या मुलांनी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट मोर्चा नव्हती, वाचन होतं. त्याचा पुरावाही लगेच मिळाला. जुलै २०२४ मध्ये फ्रान्समध्ये शिकणाऱ्या एका केनियन विद्यार्थ्यानं काही कागद सोशल मीडियावर टाकले. नैरोबीचा विमानतळ ३० वर्षांसाठी आपल्याकडच्या अदानी समूहाला चालवायला द्यायचा, असा तो प्रस्ताव होता. लोकांनी प्रश्न विचारले, सप्टेंबरमध्ये हायकोर्टानं स्थगिती दिली, विमानतळावरचे कर्मचारी संपावर गेले. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत समूहाच्या प्रमुखांवर आरोपपत्र आलं आणि रुटो यांनी तो प्रस्ताव रद्द केला. समूहानं ते आरोप फेटाळले. प्रस्ताव चांगला होता की वाईट, यावर वाद होऊ शकतो. पण रेल्वेच्या वेळी कागद गाडी धावल्यावर पाच वर्षांनी दिसले होते. या वेळी ते सही होण्याआधी दिसले.

तरीही याला विजयकथा म्हणायची माझी हिंमत होत नाही. विधेयक गेलं, पण कर्ज तिथेच आहे. पहिल्या वर्षदिनी, २५ जून २०२५ ला, मुलं पुन्हा रस्त्यावर आली आणि पुन्हा काही जण परत गेले नाहीत. आपल्या वयाच्या मुलांना कराराचा कागद बघण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागू नये, इतकंच वाटतं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी तुमच्या फीडवर एखाद्या चकाचक पुलाचा ड्रोन शॉट आला, तर तो जरूर लाइक करा. पूल सुंदर असतातच. फक्त कॉमेंटमध्ये विचारा : पैसे कुणाचे, हप्ता किती वर्षांचा आणि पुलाखालून चालणाऱ्यांचं काय? उत्तर नाही आलं, तर माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्याकडं २००५ पासून आहे. अर्जाला दहा रुपये लागतात.

पावापेक्षा स्वस्त आहे.