चोळून कुठे बाळ गोरं होतं?

बाळंतिणीच्या घरात सकाळी एक ठरावीक वास दरवळत असतो. कोमट तेल, वेखंड, शेगडीतल्या ओव्याची धुरी. मलाही तो वास फार आवडतो. पण परवा वस्तीतल्या एका घरी दोन महिन्यांची मुलगी पाहिली आणि पोटात कालवलं. गाल लालबुंद, पोटऱ्या खरखरीत, काही ठिकाणी चक्क भेगा. "ताई, रोज डाळीच्या पिठानं चोळते, तरी अंग कोरडंच," आई रडवेली झाली होती. सासूबाईंनी लगेच निकाल दिला, "पोटुशी असताना हिनं नीट खाल्लं नाही, त्याचं हे."

झालं! बाळाची कातडी फुटली तरी दोष आईचाच.

खरं तर जन्मानंतर पहिले एक-दोन आठवडे बाळाची कातडी सोलवटतेच. नऊ महिने पाण्यात राहिलेला जीव एकदम कोरड्या हवेत येतो. जन्मतः अंगावर असलेला पांढरा, लोण्यासारखा थर त्याला जपतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा पहिली आंघोळ किमान २४ तासांनंतर घाला असं सांगते. आणि आपण तो थर 'घाण' म्हणून खरवडायला टपलेल्या! पुढेही बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते, तिच्यातला ओलावा चटकन उडून जातो. त्यात कढत पाणी, साबण आणि वर पिठाची घासाघीस.

पण पीठ कशासाठी, हे मी विचारलं तेव्हा खरं कारण कळलं. "मुलीची जात, रंग नको उजळायला?" अहो, रंग आईबापाकडून येतो, डब्यातल्या पिठातून नाही. घासून फक्त कातडी जाते.

तेल सोडा असं मी मुळीच म्हणणार नाही. हलक्या हातानं खोबरेल लावा, बाळालाही ते आवडतं. पाणी कोपर बुडवून पाहावं, कोमट हवं. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी. साबण सौम्य, तोही जेमतेम. अंग पुसू नये, मऊ सुती कापडानं टिपावं आणि ओलसर असतानाच बिनवासाचं मलम लावावं. धुरी आणि पावडर मात्र बंदच करा, दोन्ही बाळाच्या श्वासात जातात.

एवढं करूनही लाल चट्टे राहिले, खाजेनं बाळ झोपेना, पाणी सुटलं किंवा पिवळी खपली धरली, तर डॉक्टरच गाठावा. ताप असेल तर त्याच दिवशी. शेजारणीनं सांगितलेली मेडिकलमधली ट्यूब नको, तिच्यात स्टिरॉइड असू शकतं.

त्या मुलीला आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं. एक्झिमा निघाला. डॉक्टरांनी मलम दिलं, पीठ थांबवलं आणि सासूबाईंच्या देखत सांगितलं, "यात आईची काही चूक नाही." परतीच्या रिक्षात सासूबाई गप्प होत्या. घराजवळ आल्यावर सुनेला म्हणाल्या, "ते पीठ परवाच दळून आणलंय. संध्याकाळी पिठलं टाक."