गुणगुण थांबवावी, अर्थिंग तोडू नये

डिसेंबरच्या मध्यास मार्गळी महिना लागला की चेन्नई शहर संगीतमय होते. १९२८ साली स्थापन झालेल्या म्यूझिक अकॅडमीच्या सभागृहापासून मंदिरांच्या मंडपांपर्यंत कर्नाटक संगीताच्या मैफली रंगतात. अशा वेळी एखाद्या लहान सभागृहात जुना ॲनालॉग मिक्सिंग कन्सोल असेल, तर तंबोरा जुळत असतानाच कर्ण्यांतून एक मंद, अखंड गुणगुण ऐकू येते. ध्वनितंत्रज्ञ तिला ‘हम’ म्हणतात. ही गुणगुण कशी थांबवावी, हा प्रश्न केवळ श्रवणसुखाचा नाही. तो गायकाच्या जिवाचाही आहे.

भारतात वीजपुरवठ्याचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने करतो. कन्सोलला मात्र एकाच दिशेने वाहणारा, स्थिर प्रवाह लागतो. त्यातील रेक्टिफायर प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे भाग एका दिशेस वळवितो. त्यामुळे प्रवाहात सेकंदास १०० तरंग उरतात. ते सपाट करण्याचे काम कपॅसिटरांचे होय. त्यांतील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. चेन्नईच्या उन्हाळ्यात ते लवकर थकावेत आणि समुद्रावरील खाऱ्या, दमट वाऱ्याने जोडण्या गंजाव्यात, यात नवल नाही.

गुणगुणीचे दुसरे मोठे कारण निराळे आहे. कन्सोल व ॲम्प्लिफायर यांना दोन वेगळ्या ठिकाणी अर्थिंग असले, तर त्यांना जोडणाऱ्या केबलच्या जाळीतून एक बंद वेढा तयार होतो. त्या वेढ्यात विजेचा क्षीण प्रवाह फिरतो आणि तोच ५० आवर्तनांच्या स्वरात ऐकू येतो.

येथेच एक घातक युक्ती पुढे येते. प्लगची अर्थची मोठी पिन काढून टाकली की वेढा तुटतो आणि आवाज थांबतो. पण त्याबरोबर संरक्षणही जाते. उद्या आतील एखादी जिवंत तार धातूच्या पेटीस टेकली, तर अर्थमार्गे जोराचा प्रवाह वाहून फ्यूज उडावयास हवा. अर्थच नसेल, तर पेटी तशीच विजेने भारलेली राहते. मायक्रोफोनचे धातूचे आवरण केबलच्या जाळीने त्या पेटीशीच जोडलेले असते, आणि तो गायकाच्या हाती असतो. अशी शांतता फार महाग पडते.

दुसरी युक्ती निरुपद्रवी भासते. फिल्टर लावून १०० आवर्तनांचा स्वर गाळून टाकावयाचा. परंतु ज्याचा षड्ज पांढरी एक, म्हणजे सुमारे १३१ आवर्तनांचा आहे, त्याच्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे ९८ आवर्तनांवर बोलतो. गुणगुण म्हणजे त्या पंचमाशेजारचा बेसूर पंचमच. तिला गाळावयास जावे, तर पंचमही क्षीण होतो.

तेव्हा कारण शोधणे हाच खरा मार्ग. मैफल तोंडावर आली असता तेवढा वेळ कोठला, असे आयोजक म्हणतील. पण पहिल्या तपासणीस काही मिनिटे पुरतात, आणि हत्यार लागत नाही. कन्सोलचे सर्व फेडर खाली ओढावेत. गुणगुण थांबली, तर दोष फेडरांच्या अलीकडे, एखाद्या मायक्रोफोनच्या वा केबलच्या मार्गात आहे. एकेक फेडर वर नेल्यास तो सापडतो. गुणगुण तशीच राहिली, तर कन्सोलपासून ॲम्प्लिफायरकडे जाणारी केबल काढून हेडफोन लावावा. हेडफोन शांत असेल, तर संशय अर्थच्या वेढ्यावर किंवा पुढील उपकरणांवर. तेथेही गुणगुण असेल, तर कन्सोलच्या वीजपुरवठ्यावर.

वेढ्यास उपाय आहेत. सर्व उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. बॅलन्स्ड केबल वापराव्यात. त्यांच्या दोन तारांत सारखाच शिरलेला उपद्रव परस्परांत वजा होतो. तेवढ्याने भागले नाही, तर ध्वनिमार्गात विलगकारी ट्रान्सफॉर्मर बसवावा. कपॅसिटर थकले असल्यास ते जाणत्या कारागिराने बदलावेत. वीज बंद केल्यावरही त्यांत भार उरतो, म्हणून हौशी मंडळींनी पेटी उघडू नये.

शाळेच्या स्नेहसंमेलनासही हाच नियम लागू आहे. गुणगुण ही यंत्राची तक्रार होय. ती ऐकून घ्यावी, तिचे मूळ शोधावे. तक्रार करणाऱ्याचे तोंड दाबणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.