रुग्णाची अरबी कोण शिकवणार?

तब्येत, इलाज, दवा, हवा हे शब्द माळशिरसच्या कुठल्याही दवाखान्यात रोज कानी पडतात. सारे मूळचे अरबी. तरीही आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्या आपल्या परिचारिकांना ती भाषा परकीच वाटते. विद्यापीठात शिकवतात ती प्रामुख्याने ग्रंथांची, बातम्यांची अरबी. रुग्ण बोलतो ती घरची बोली, आणि ती देशागणिक बदलते. उच्चारांचीही अडचण आहेच. 'क़ल्ब' म्हणजे हृदय. त्यातला 'क़' पडजिभेजवळून काढायचा. साधा 'क' म्हटला, तर अर्थ होतो कुत्रा! हा फरक मराठी कानाला सरावानेच कळतो. म्हणून विद्यापीठांनी परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी बोली अरबीचा छोटा, ऐच्छिक अभ्यासक्रम ठेवावा. रुग्णाच्या छातीत कळ येते, तेव्हा दुभाष्याची वाट पाहायला वेळ नसतो.