फुरसतीचा उद्योग : चिमुकल्या इंजिनांतील कारभारी

ज्या घरीं माळ्यावरच्या पेटींत वडीलधाऱ्यांनीं हौसेनें आणलेलें खेळांतलें विजेचें इंजिन जपून ठेविलें आहे, तेथील मुलें एक दिवस त्यांत ‘डीकोडर’ बसविण्याचा हट्ट धरणारच. सातारा-सांगलीकडील मुलांस त्याला निमित्तही चांगलें आहे. कऱ्हाड, किर्लोस्करवाडीवरून मिरजेस जाणारी मीटर रुंदीची गाडी १९७१ च्या सुमारास गेली. पण ९ मिलिमीटर रुंदीचे तयार रूळ घेऊन ते मीटरचे मानले, तर १:१११ या प्रमाणांत ती घरच्या मेजावर पुन्हां धांवूं शकते.

जुन्या पद्धतींत रुळांतील विजेचा दाब वाढविला कीं गाडी वेग घेई. मात्र एका रुळावर दोन इंजिनें ठेविलीं तर दोन्ही एकदमच निघत; एका जावेस हांक मारावी आणि दोघींनीं ओ द्यावी, तशांतला प्रकार! जर्मनींतील लेन्त्स यांच्या पद्धतीवरून अमेरिकेंतील छंदी मंडळींच्या राष्ट्रीय संघानें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जी अंकीय पद्धति प्रमाण ठरविली, तींत रुळांवर पूर्ण दाब सदैव असतो. वीज क्षणोक्षणीं दिशा पालटते, आणि त्या पालटांच्या कालावरून अंक बनतात : अर्धा फेरा ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर एक, सुमारें १०० चा वा अधिक असला तर शून्य. डीकोडर आपल्या क्रमांकाचा तेवढाच हुकूम पाळतो.

पुण्यांत भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयांत १:८७ प्रमाणाच्या गाड्या पाहावयास मिळतात. तेवढ्या इंजिनांत जागा सांपडते. १:१६० मध्यें बाष्पपात्र करंगळीएवढें; तेथें खरी कसोटी.

पुष्कळ इंजिनांत मोटारीचा एक ब्रश सांगाड्यास व सांगाडा रुळास चिकटलेला असतो. तो संबंध तोडलाच पाहिजे, नाहींतर वीज सोडतांच डीकोडर जळतो. मापकानें दोन्ही ब्रश दोन्ही रुळांपासून अलग असल्याची खात्री करावी. मग तांबडी व काळी तार रुळांकडे, नारिंगी व करडी मोटारीकडे. डाख थोडका द्यावा. मोटार हातानें थांबवून धरली असतां किती वीज ओढते तेंही मोजावें. ती डीकोडरच्या शक्तीपेक्षां अधिक भरली, तर मोह आवरावा.

जागेसाठीं सांगाडा कानशीनें घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आजोबांच्या इंजिनावर कानस चालवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. सांगाड्याच्या वजनावरच इंजिनाची ओढ अवलंबून असते, आणि घासलेली धातु परत येत नाहीं. त्यापेक्षां डीकोडर कोळशाच्या गाड्यांत, किंवा मागें कायम जोडलेल्या डब्यांत ठेवावा. मधल्या तारा वळणावर ताणल्या जाणार नाहींत इतक्या सैल असाव्यात. वडिलांची संमति आधीं घ्यावी, हें सांगणें नलगे.

पहिली चांचणी मर्यादित विजेच्या वेगळ्या रुळावर करावी. नव्या डीकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो. तो बदलल्यावांचून दुसरें इंजिन रुळावर आणूं नये.