मुक्या जीवाचा अंतकाळ

मांजर आपण मुद्दाम आणून पाळतों असें क्वचितच घडतें. बहुधा तेंच एके दिवशीं आपल्या घरीं रहावयास येतें, आणि थोड्याच दिवसांत घरांतली ऊबदार जागा स्वतःची मानूं लागतें. दहाबारा वर्षें मुलांबरोबर राहिलेला हा जीव म्हातारपणीं असाध्य रोगानें खंगूं लागला, म्हणजे घरांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्याला जगवीत रहावें, कीं पशुवैद्याकडून वेदनारहित मरण द्यावें? या प्रश्नाचा विचार पालक व विद्यार्थी या दोघांनींही करावा, अशी आमची इच्छा आहे.

म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडांचा जुनाट विकार फार आढळतो. मूत्रपिंडांचा बराच भाग निकामी होईपर्यंत तो बाहेरून कळत नाहीं. पुढें मांजर पाणी फार पितें, वाळत जातें, अन्नास तोंड लावीत नाहीं. हा रोग बरा होत नाहीं. तथापि योग्य आहार, मळमळीवरील औषध आणि कातडीखालीं दिलेलें सलाईन यांच्या योगानें कित्येक मांजरें महिनोनमहिने, क्वचित् वर्षेंही, सुखानें काढतात. म्हणून रोगाचें नांव ऐकतांच मरणाचा निर्णय घेणें हा उतावळेपणा होय. मात्र औषधें पशुवैद्याच्याच सल्ल्यानें द्यावींत; माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरास प्राणघातक ठरूं शकते.

मग निर्णयाची वेळ ओळखावी कशी? मांजर आपलें दुःख लपवितें; मांडीवर बसून घुरघुरतें म्हणून तें सुखी आहे असेंही नाहीं, कारण वेदनेंतही तें घुरघुरतें. अमेरिकेंतील पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबॉस यांनीं २००४ सालीं यासाठीं सात कसोट्या सुचविल्या: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत. प्रत्येक कसोटीस शून्य ते दहा गुण द्यावयाचे; बेरीज ३५ हून अधिक असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यास आधार आहे. ही नोंद ठेवण्याचें काम घरांतील मोठीं मुलें उत्तम करूं शकतील.

कित्येकांस मरण देण्याची कल्पनाच पाप वाटते. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असह्य वेदनांनीं तळमळत होतें. उपाय उरला नाहीं असें डॉक्टरांनीं सांगितल्यावर गांधीजींनीं सहकाऱ्यांशीं विचार करून सुई टोंचवून त्याचा अंत करविला. त्यांजवर कडक टीका झाली. त्यांनीं तें कृत्य लपविलें नाहीं, 'नवजीवन' व 'यंग इंडिया' या पत्रांतून उघडपणें त्याचें समर्थन केलें. ज्यांस हें पटत नसेल त्यांच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतों. परंतु जो मारणार नाहीं म्हणतो, त्यानें वेदना शमविण्याचा भार रात्रंदिवस उचलला पाहिजे. आजारी मांजर पोत्यांत घालून बाजारांत सोडून यावयाचें आणि 'देवाची इच्छा' म्हणावयाचें, ही अहिंसा नव्हे. प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही जनावराची अनावश्यक वेदना टाळण्याचें कर्तव्य त्याच्या पालकावर घालतो.

आमच्या मतें निर्णयापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा: मी कोणाचें दुःख संपवीत आहें? घाण काढण्याचा कंटाळा आला म्हणून मांजर मारविणें जितकें अयोग्य, तितकेंच त्याचा वियोग सोसवत नाहीं म्हणून त्याला तळमळत ठेवणेंही अयोग्य. खर्च झेपत नसेल तर तसें पशुवैद्यास मोकळेपणानें सांगावें; त्यांत लाज नाहीं.

पालकांस आमची एक विनंती आहे. मांजर गांवीं पाठविलें, अशी थाप मुलांस मारूं नये. प्रथम गुंगीचें औषध देतात, मग शिरेंतून दुसरें. शुद्ध हरपते आणि त्यानंतर हृदय थांबतें, हें त्यांस साध्या शब्दांत सांगावें, आणि त्यांची इच्छा असल्यास शेवटीं जवळ बसूं द्यावें. ज्या मुलानें आजारी मांजराच्या तोंडाशीं पाण्याची वाटी धरली, त्याला त्याच्या मरणाविषयीं खरें कळण्याचा हक्क आहे.